परभाषा या संज्ञेविषयी : भिवंडीच्या भाषाव्यवहाराच्या निमित्ताने

अमेरिकेतील मोठ्या शहरांविषयीच्या लेखनात एक निरीक्षण वरचेवर आढळते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, विशेषतः जॅक्सन हाइट्सच्या परिसरात, स्थानकाबाहेर पडलेल्या माणसाच्या कानावर थोड्याच अंतरात अनेक भाषा पडतात आणि इंग्रजी त्यांत कोठेतरी मागे राहते. कोणी हे कौतुकाने लिहितो, कोणी कपाळाला आठी घालून. परंतु दोघांच्याही लेखी परभाषा कानी पडणे ही नोंद घेण्याजोगी घटना असते. २०१९ च्या तेथील सरकारी पाहणीनुसार पाच वर्षांवरील सुमारे ६ कोटी ७८ लाख माणसे घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलत होती. दर पाच माणसांत एक, किंबहुना किंचित अधिक. न्यू मेक्सिकोत तर स्पॅनिश ही इंग्रजीच्या आधीपासून नांदत आलेली भाषा आहे. तरीही अमेरिकन शाळेच्या बोलीत ती ‘परकीय भाषा’च राहिली, आणि १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजीस अधिकृत भाषा म्हणून घोषित करण्यात आले तेव्हा या समजुतीवर राजमुद्रा उठली, इतकेच.

हा सारा प्रपंच अमेरिकेचा आहे, त्याच्याशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य असे की, भाषा आणि समाज यांच्या संबंधाचा अभ्यास करण्यासाठी आपण जी उपकरणे वापरतो, ती बहुतांशी याच परिस्थितीत घडलेली आहेत. यूरिएल वाइनरायख यांचा भाषासंपर्कावरील ग्रंथ आणि आइनार हाउगेन यांचा अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेवरील ग्रंथ हे दोन्ही १९५३ चे. जोशुआ फिशमन यांचा अमेरिकेतील भाषानिष्ठेविषयीचा ग्रंथ १९६६ चा. ही पुस्तके थोर आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांतील हाउगेन आणि फिशमन यांच्या ग्रंथांपुढचे चित्र एकच आहे : मध्यभागी एक बलवान भाषा, आणि तिच्या भोवती समुद्रापलीकडून आलेल्या, तीन पिढ्यांत विरून जाणाऱ्या भाषा. आपले पदव्युत्तर विद्यार्थी लघुप्रबंधासाठी प्रश्नावली तयार करतात तेव्हा हे चित्र न कळत तिच्यात उतरते. ‘मातृभाषा’, ‘परभाषेचा प्रभाव’, ‘घरी’, ‘कामाच्या ठिकाणी’, ‘बाजारात’ अशी घरे पाडलेला कागद हाती घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. हा कागद भिवंडीसारख्या गावात किती टिकतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भिवंडीची ओळख यंत्रमागाचे गाव म्हणून आहे, आणि ती खरी आहे. कामवारी नदीच्या काठचे हे जुने व्यापारी ठाणे. निजामपूर हा त्याचाच जोडभाग, आणि आजच्या महानगरपालिकेच्या नावात तो कायम आहे. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. गावाभोवती काल्हेर, कशेळी, पिंपळास, कोन अशी आगरी व कोळी वस्तीची गावे. पूर्वेस व उत्तरेस वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. गावात कोकणी मुसलमानांची पिढीजात वस्ती. १८५७ नंतरच्या काळापासून उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले आणि मालेगावप्रमाणे भिवंडीतही स्थिरावले. त्यांच्या मागोमाग आझमगढ, मऊ, अलाहाबाद या बाजूंचा ओघ चालूच राहिला. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पद्मानगर, कामतघर या बाजूंस त्यांची तेलुगू वस्ती झाली. सूत आणि कापड यांच्या व्यवहारासाठी गुजराती व मारवाडी पेढ्या आल्या. अलीकडच्या काळात माणकोली ते दापोडे या पट्ट्यात गुदामांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि मालाबरोबर आणखी माणसे आली. धामणकर नाक्यावर किंवा वंजारपट्टी नाक्यावर संध्याकाळी कोणत्या भाषा कानी पडतात याची यादी करणे कठीण नाही. परंतु त्या यादीतील कोणती भाषा कोणाच्या दृष्टीने ‘पर’, हे सांगणे मात्र कठीण आहे.

प्रथम फिशमन यांच्या प्रसिद्ध सूत्राकडे वळू. कोण, कोणत्या भाषेत, कोणाशी आणि केव्हा बोलतो, असा प्रश्न त्यांनी १९६५ साली मांडला आणि त्यातून भाषाव्यवहाराच्या ‘क्षेत्रां’ची कल्पना रूढ झाली. घर, शेजार, धर्मस्थान, शाळा, कामाची जागा अशी क्षेत्रे, आणि प्रत्येकाची आपली भाषा. भिवंडीत या मांडणीची पहिली फजिती कामाच्या जागीच होते. यंत्रमागाच्या कारखान्यात माग चालू असताना भाषा ऐकू येत नाही. धोट्याच्या सततच्या आपटण्यात माणूस माणसाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो, नाहीतर हाताने खूण करतो. तार तुटल्याची खूण, कांडी संपल्याची खूण, शेठ आल्याची खूण. तेथे अवधी बोलणारा आणि तेलुगू बोलणारा हे शेजारी शेजारी उभे असतील, पण त्यांच्यातील व्यवहार हा बोटांचा आणि ओठांच्या हालचालींचा आहे. भाषा सुरू होते ती पाळी संपल्यावर, चहाच्या टपरीवर, आणि मुख्यतः बिसीत. बिसी म्हणजे एकट्या राहणाऱ्या मागकामगारांची खानावळ. पुष्कळदा ती एखाद्या जिल्ह्याच्या किंवा बिरादरीच्या माणसांची असते. म्हणून तेथे गावाकडची बोली मोकळेपणाने चालते. प्रश्नावलीत ‘घर’ आणि ‘कामाची जागा’ अशी दोन घरे आहेत. बिसी दोहोंतही बसत नाही. ज्या ठिकाणी भिवंडीतील हजारो पुरुष दिवसाचे सर्वांत अधिक बोलतात, त्या ठिकाणाला आपल्या कागदावर जागाच नाही.

सूत्रातील दुसरी उणीव याहून मोठी आहे. त्यात ‘बोलतो’ हे क्रियापद आहे. ‘ऐकतो’ हे नाही. या उणिवेकडे पुढे यावयाचे आहे. तत्पूर्वी एका लहानशा शब्दाचा विचार करू, कारण ‘पर’ म्हणजे काय हे त्या शब्दावरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येवरून होत नाही.

तो शब्द म्हणजे ‘पाणी’. प्रमाण मराठीत ‘ण’ मूर्धन्य आहे. आगरी बोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो आणि ‘ळ’ चा ‘ल’ : ‘पानी’, ‘डोला’, ‘काला’. कोकणी मुसलमानाच्या तोंडी ‘पानी’ येते. उर्दूत, अवधीत, भोजपुरीत ‘पानी’च आहे. उलट गुजराती पेढीवरचा मेहता ‘पाणी’ म्हणतो, अगदी पुण्याच्या शिक्षकाला समाधान वाटेल अशा मूर्धन्य ‘ण’ ने. मारवाडीही तसेच म्हणतो. ‘ळ’ हा वर्ण तर मराठीपणाची खूण म्हणून आपण मिरवतो. तो गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, तेलुगूत आहे, आणि भिवंडीच्या भूमीत पिढ्यान् पिढ्या शेती, मिठागर आणि मासेमारी करीत आलेल्या आगऱ्याच्या बोलीत नाही. म्हणजे कानाने निवाडा करावयाचा म्हटले, तर बाहेरचा आतला ठरतो आणि आतला बाहेरचा. प्रत्यक्षात तसे होतेही. आगरी मुलाच्या वहीतील ‘पानी’ हा शब्द शाळेत हिंदीच्या संसर्गाचा दोष म्हणून तांबड्या शाईने खोडला जातो. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या लघुप्रबंधांतही ‘आगरीवरील हिंदीचा प्रभाव’ या मथळ्याखाली हेच उदाहरण पहिले असते. वस्तुतः जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मराठीला वाहिलेला हा खंड स्टेन कोनो यांनी तयार केला होता. उत्तर कोकणातील बोलींची ही वर्णप्रक्रिया त्या काळीच नोंदलेली आहे. यंत्रमाग नव्हते, उत्तरेकडून येणाऱ्यांची दाट वस्ती नव्हती, चित्रपट नव्हते, तेव्हाही ही बोली अशीच होती. तेव्हा हा ‘प्रभाव’ कोणाचा? एकाच ध्वनिरूपाला ते कोणाच्या मुखातून आले हे पाहून आपण मराठी, हिंदी किंवा उर्दू म्हणतो, आणि नंतर त्या नावालाच भाषिक पुरावा समजतो. शास्त्राच्या दृष्टीने हा वर्तुळाकार तर्क आहे. त्यात सौजन्याचा प्रश्न नंतर येतो.

याच तर्काचे सरकारी रूप म्हणजे जनगणनेतील मातृभाषेचा रकाना. जनगणनेची व्याख्या सुटसुटीत आहे : त्या व्यक्तीशी तिच्या बालपणी तिची आई जी भाषा बोलली ती मातृभाषा. गणकांना सूचनाही विवेकाच्या आहेत. सांगितले जाईल ते नोंदावे, वाद घालू नये, धर्म आणि मातृभाषा यांचा संबंध जोडू नये. परंतु गणकाने संबंध जोडला नाही, तरी सांगणारा तो जोडून मोकळा झालेला असतो. कोकणी मुसलमान घरात आजी ज्या बोलीत ओरडते, ओवाळते, म्हणी टाकते, ती कोकणच्या मराठीचीच एक शाखा आहे. बाणकोट परिसरातील मुसलमानांच्या बोलीची ‘बाणकोटी’ म्हणून भाषासर्वेक्षणाने मराठीच्या प्रकारांत नोंद केलेली आहे. पण शाळा उर्दू, मशिदीतील प्रवचन उर्दू, लग्नपत्रिका उर्दू. तेव्हा ‘आपली भाषा कोणती’ या प्रश्नाला उत्तर ‘उर्दू’ असे येते, आणि त्यात लबाडी काही नाही. ‘कोकणी’ असे उत्तर आले तरी घोटाळा टळत नाही, कारण त्या नावाची गोव्याची भाषा आहे आणि नाशिक, पालघर, डांग या भागांत त्याच नावाची आदिवासी जमात व तिची बोलीही आहे. मोमीन विणकराच्या घरातील भोजपुरी अथवा अवधी याचप्रमाणे उर्दूच्या खाती जमा होते. त्याच जिल्ह्यातून आलेल्या हिंदू कामगाराची तीच बोली हिंदीच्या खाती. पुढे कोष्टके बनताना आणखी एक चाळणी लागते. २०११ साली देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे आली. छाननीनंतर त्यांची १,३६९ झाली आणि प्रसिद्ध कोष्टकात भाषा उरल्या १२१. भोजपुरी सांगणारे ५ कोटी ५ लाखांवर लोक हिंदीच्या पोटी गेले.

येथे आक्षेप आकड्यांच्या मोठेपणावर नाही. आक्षेप असा की, या कोष्टकावरून भिवंडीचे जे चित्र निघते त्यात उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू, गुजराती असे स्वच्छ कप्पे दिसतात, आणि त्या कप्प्यांच्या कडा जवळजवळ समाजांच्या कडांशी जुळतात. १९७० आणि १९८४ च्या दंग्यांनी ज्या गावाला इतक्या खोल जखमा केल्या, त्या गावाविषयी असे कप्पे फार सहज खरे वाटतात. आगरी बाई आणि कोकणी मुसलमान बाई मंडईत एकमेकींशी आपापल्या बोलीत बोलतात आणि दोघींना कोठेही अडत नाही, हे कोष्टकात येऊ शकत नाही. कारण कोष्टकाच्या मते त्या दोघी दोन भाषा बोलत आहेत. आणि ही कोकणी बोली घराघरांतून ओसरू लागली तर तिचा ऱ्हासही कोणत्याच आकड्यात दिसणार नाही. जी भाषा कधी मोजलीच गेली नाही, तिची घट कोठून मोजणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हावयाची गणना झाली नाही. १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाच्या गणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. त्या निमित्ताने आपल्या विभागांनी काही म्हणावयाचे असेल तर ते या रकान्याविषयी म्हणावयास हवे.

आपल्याच पंडितांनी या प्रश्नाचा विचार केला नाही असे नाही. प्रबोध पंडित यांची व्याख्याने पुणे विद्यापीठाने १९७२ साली प्रसिद्ध केली; त्यांत मुंबईतील गुजराती मसाल्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण आहे आणि ते इतके गाजले की आता ते जवळपास म्हणीसारखे झाले आहे. हा व्यापारी घरी गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापारी वर्तुळात कच्छी आणि कोकणी, आणि प्रसंगी इंग्रजी. पंडितांचा मुद्दा असा की, अमेरिकेत दुसरी भाषा टिकली तर तिचे कारण शोधावे लागते, भारतात ती सुटली तर कारण शोधावे लागते. हे म्हणणे फार मोलाचे आहे आणि फिशमनप्रणीत चित्राला त्याने दिलेला धक्का आजही आवश्यक आहे. तथापि या व्यापाऱ्याविषयी दोन शंका घ्याव्याशा वाटतात. पहिली अशी की, हा गृहस्थ गिऱ्हाईक आहे, मालक आहे, पुरुष आहे. ज्याच्या हाती पैसा असतो त्याच्याशी समोरचा त्याला समजेल असे बोलण्याची खटपट करतोच; अर्धवट मराठीही त्याला पुरते. त्याच घरातील सुनेला किती भाषा येत असत, आणि दूधवाल्याला किती, हे पंडित सांगत नाहीत. भिवंडीत पाहिले तर भाषा शिकण्याचे ओझे सारखे वाटलेले नाही. मागावरचा कामगार शेठची भाषा समजून घेतो. शेठला भोजपुरी यावी अशी कोणाची अपेक्षा नसते. पद्मानगरातील तेलुगू मनुष्य हिंदी बोलतो, मराठी समजतो, उर्दू ऐकून ओळखतो. परंतु शेजारच्या वस्तीतील किती जणांना तेलुगूतील दहा शब्द येतात? बहुभाषिकतेचे गोडवे गाताना, कोण कोणाची भाषा शिकतो हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरी शंका क्षेत्रांच्या भिंतींविषयी. पंडितांच्या व्यापाऱ्याच्या आयुष्यात प्रत्येक भाषेला एक खोली आहे. भिवंडीच्या चाळीत खोल्या आहेत, पण आवाज भिंतीतून पलीकडे जातो.

गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ चा कुपवारविषयक निबंध आमच्या अभ्यासक्रमात आहे आणि विद्यार्थी महाराष्ट्रातील बहुभाषिकता म्हटली की त्याचाच दाखला देतात. सांगली जिल्ह्यातील सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू या भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्या. त्यांची व्याकरणे एकमेकींच्या इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य प्रत्ययागणिक दुसरीत बदलता यावे, शब्दकोश मात्र वेगळे राहिले. हा सिद्धांत त्या गावापुरता भक्कम आहे. भिवंडीला तो लावण्याची घाई मात्र करू नये. कुपवारमध्ये माणसे तीच राहिली आणि भाषा बदलल्या. भिवंडीत माणसेच दर हंगामाला बदलतात. शेतीच्या दिवसांत, सणांना, मंदीच्या काळात कामगार गावी जातो, परत येतो, कधी येत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर मागांचा आवाजच बंद झाला आणि बिसी ओस पडल्या. व्याकरणे मिळूनमिसळून यावयास जो निवांत काळ लागतो तो येथे कोणाला मिळालेला नाही. कुपवारमध्ये समाजासमाजांतील व्यवहाराला मराठी चालत असे, कारण तेथे ती कोणा बलिष्ठ गटाची घरची भाषा नव्हती. भिवंडीत ते स्थान बाजारातल्या हिंदीला आहे.

या हिंदीविषयी आपली शास्त्रीय भाषा तुच्छतेने बरबटलेली आहे. सुनीतिकुमार चतर्जी यांनी १९३१ साली कलकत्त्याच्या हिंदुस्थानीला संकरबोली ठरविले. महादेव आपटे यांनी १९७४ साली मुंबईच्या हिंदी-उर्दूचा विचार ‘पिजिन’ होण्याच्या प्रक्रियेच्या अंगाने केला. आपटे यांचे विश्लेषण सूक्ष्म आहे. परंतु पिजिन ही कोणाचीच जन्मभाषा नसलेली, गरजेपुरती तोडून घेतलेली भाषा असते. भिवंडीत ही बाजारहिंदी ज्यांच्या घरी उर्दू, अवधी आहे अशांच्या रोजच्या बोलण्याशी सतत घासून जाते, आणि तिच्यातच वाढलेली मुलेही आहेत. शिवाय ती केवळ तुटलेली नाही. तिने काही गोष्टी कमावलेल्या आहेत. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत फरक आहे : ऐकणाऱ्याला वगळून आणि ऐकणाऱ्याला धरून. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेत, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनम्’. प्रमाण हिंदी-उर्दूत दोहोंना ‘हम’ एवढे एकच सर्वनाम. भिवंडीतील मराठी, गुजराती आणि तेलुगू माणसाला हा भेद सांभाळल्याखेरीज बोलता येत नाही, आणि नेमका तोच भेद सामायिक भाषेत नाही. मग बाजारहिंदीने काय केले? ‘हम लोग’ बाहेर ठेवून ‘अपन’ आत घेतले. दखनीतही हेच आहे. व्याकरण शिकलेल्या माणसाला ‘अपन’ गावंढळ वाटते; पण ज्या भाषेला दुकानाच्या फळीवर सौदा जुळवावयाचा आहे, तिला ‘तू आणि मी मिळून’ याला वेगळा शब्द लागतो.

दखनीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक नोंद. मराठीतील ‘नको’ दखनीत ‘नक्को’ झाले आणि हैदराबादच्या मुलखात रुजले. जोर देणारा ‘च’ देखील मराठीतूनच तिकडे गेला. तेलंगणातून आलेला पद्मशाली जेव्हा भिवंडीच्या नाक्यावर रिक्षावाल्याला ‘नक्को’ म्हणतो, तेव्हा तो हिंदी बोलतो आहे असे त्याला वाटते, आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला ती मोडकी मराठी वाटते. दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजातून मराठीत आला आणि येथे अवधी बोलणाऱ्याच्याही तोंडी बसला. अशा शब्दांचा प्रवास काढला तर ‘परभाषा’ या संज्ञेचा अर्थ फार तर ‘आज माझ्या शाळेत शिकवीत नाहीत ती भाषा’ एवढाच उरतो.

आता ऐकण्याविषयी. स्कँडिनेव्हियातील शेजारी भाषिक आपापल्या भाषेत बोलून परस्परांना समजून घेतात, याला हाउगेन यांनी १९६६ साली अर्धसंज्ञापन असे नाव दिले. नॅन्सी डोरियन यांनी स्कॉटलंडच्या पूर्व सदरलंड किनाऱ्यावरील गेलिक भाषेचा अभ्यास करताना, ज्यांना बोलता फारसे येत नाही पण सर्व समजते आणि कोठे हसावे हेही कळते, अशा माणसांची दखल घेतली. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाही : आई मराठीत विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, आणि संभाषण सुरळीत चालते. १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ तेथे काम करीत आहे आणि गावोगाव मराठी शाळा चालतात. त्या शाळांची धडपड ऐकणाऱ्या मुलांना बोलते करण्याची आहे. परंतु ऐकणे ही बोलण्याची अपुरी पायरी आहे, असे समजण्याचे काय कारण? भिवंडीतील सामान्य माणूस आयुष्यभर तीन-चार भाषा ऐकून समजतो आणि त्यांत कधी बोलत नाही. त्याला कमीपणा वाटत नाही, समोरच्यालाही वाटत नाही. त्याच्याही पलीकडे ओळखण्याची एक पातळी आहे. बांग दिवसातून पाच वेळा कानी येते. तिची अरबी गावातील बहुतेकांना, देणाऱ्याच्या शेजाऱ्यालाही, अर्थाने कळत नाही. पण ती सुरू झाली की किती वाजले हे सर्वांना कळते. देवळातील संस्कृतची गोष्ट वेगळी नाही. न समजणारी ही भाषा परकी म्हणावी काय? मला तसे म्हणवत नाही.

ऐकणे मोजता येत नाही, असा आक्षेप येईल. बोलणे ध्वनिमुद्रित करता येते, ऐकणे डोक्याच्या आत असते, हे खरे. पण अडचण वाटते तितकी नाही. आगरी, कोकणी मुसलमान, मोमीन, गुजराती अशा चार घरांतील चार वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ‘पाणी’, ‘डोळा’, ‘काळा’ या अर्थाचे शब्द, सुटे आणि लहान वाक्यांत, मुद्रित करावेत. बोलणारी कोण हे न सांगता ते शाळेतील शिक्षकांना, नाक्यावरच्या दुकानदारांना, भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ऐकवावेत आणि ही भाषा कोणती हे विचारावे. नंतर बोलणारीचे नाव सांगून पुन्हा विचारावे. दोन उत्तरांतील फरक हाच ‘परभाषा’ या संज्ञेचा मोजलेला अर्थ होय. यासाठी मोठे अनुदान लागत नाही. एक सत्र आणि चार विद्यार्थी पुरेत.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकविण्याविषयीचे शासननिर्णय निघाले, त्यांवर रान उठले आणि २९ जून रोजी ते मागे घेण्यात आले. त्या वादातील दोन्ही बाजूंचे लेखन बारकाईने वाचले असता एक गोष्ट जाणवते : मुलाला काय शिकवावे यावर सारे बोलले, पहिलीत येणारे मूल काय ऐकून येते याची चौकशी क्वचितच कोणी केली. पहिली बाजू असे धरून चालली की हिंदी हे मुलापुढे येणारे नवे ज्ञान आहे, दुसरी असे की ते परके ओझे आहे. भिवंडीच्या महापालिका शाळेत येणारे मूल मराठी माध्यमाचे असो, उर्दूचे असो की तेलुगूचे, बाजारहिंदी ऐकतच येते. त्याला जी ऐकू आलेली नसते ती पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर हिंदी, आणि आगरी मुलाच्या बाबतीत पाठ्यपुस्तकातील मराठीसुद्धा. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांना एकच उत्तर नाही.

अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीची जी पुस्तकमाला १९६३ पासून हाती घेतली, तिच्यात ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र पुस्तक मिळाले, महाडच्या कुणबीला मिळाले. ती पाहणी गावाच्या, जमातीच्या, एकेका बोलीच्या हिशेबाने झाली आणि त्या काळी तेच करणे योग्य होते. भिवंडीच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीचे तसे वर्णन अजून व्हावयाचे आहे. ज्यांच्या तोंडी ती अस्सल आहे अशा स्त्रिया आता वृद्ध आहेत, आणि विभागातील विद्यार्थ्यांपैकी काहींच्या त्या आज्या आहेत.